गृहपाठाला गेम देण्याआधी मूल जिंकतं कसं ते बघा

तिसरीच्या एका वर्गशिक्षिका ताईंनी विचारलं आहे: वर्गातली बरीच मुलं संध्याकाळी घरच्या मोबाईलवर गेम खेळतातच. मग पाढे, बेरीज-वजाबाकी, वाचन यांचा गृहपाठ शैक्षणिक गेमच्या रूपातच दिला तर? कोणते गेम द्यावेत, किती वेळ द्यावेत आणि तपासायचं कसं? काही पालक खूश आहेत. काहींचं म्हणणं, 'आम्ही मोबाईल सोडवायला बघतोय आणि बाई तोच हातात देतायत.'

ताई, गेम द्या, पण सरावापुरता, आणि वर्गात शिकवून झालेल्या भागाचाच. नवा भाग गेमच्या भरवशावर सोडू नका. हातचा म्हणजे काय हे ज्या मुलाला काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून कळलेलं नाही, ते गेममध्ये खटपट करून उत्तरापर्यंत पोचेलही, पण हातचा कुठून आला हे त्याला तिथे कोणी सांगणार नाही. गेम सराव करून घेतो, तोही न कंटाळता. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला लगेच 'बरोबर' किंवा 'चूक' सांगणं आपल्याला जमत नाही, ते गेमला जमतं. एवढा फायदा पुरेसा आहे. त्याहून जास्त अपेक्षा ठेवली की फसगत होते.

आता कोणता गेम द्यायचा ते. नावं पुढे सांगतो, पण नावापेक्षा निवडायची रीत महत्त्वाची, कारण प्ले स्टोअरवर 'किड्स मॅथ' म्हणून शोधलं तर पडद्यावर रांग लागते आणि सगळ्यांवर 'शैक्षणिक' असा शिक्का असतो. मी एकच गोष्ट बघतो: हा गेम जिंकायला मुलाला गणित यावं लागतं का? की गणित न येताही जिंकता येतं?

चौथीतल्या एका मुलाशेजारी बसून मी त्याचा खेळ पाहत होतो. पडद्यावर ७ × ८, खाली चार फुगे: ५४, ५६, ६३, ४८. प्रश्न वाचून व्हायच्या आधीच त्याचं बोट सगळ्यात डावीकडच्या फुग्यावर. फुगा लाल झाला, एक बारीकसा आवाज आला, फुगा गायब. लगेच बोट दुसऱ्यावर. हिरवा. टाळ्या, एक तारा, पाच नाणी. पुढचा प्रश्न ६ × ९, पुन्हा डावीकडून सुरुवात. सरासरी दोन-तीन टिचक्यांत प्रश्न सुटत होता आणि चुकीच्या टिचकीचं काहीच मोजावं लागत नव्हतं. पोरगा बऱ्याच वरच्या लेव्हलला पोचला होता, आईला कौतुक होतं. मी वहीत ७ × ८ लिहून दिलं, तर तो सात एके सातपासून म्हणायला लागला आणि पाचाशी अडला.

त्यात लबाडी काही नाही. त्या गेमने त्याला कोडं घातलं होतं ते 'चारातला बरोबर फुगा लवकर शोध' असं, आणि ते त्याने उत्तम सोडवलं. मुलं गेमचे नियम आपल्यापेक्षा लवकर ओळखतात. त्याच गेममध्ये दुसरी एक मुलगी ६३ वर कधीच बोट ठेवत नव्हती. विचारलं तर म्हणाली, 'आठाच्या पाढ्यात विषम कुठून येईल?' तिच्या डोक्यात गणित चाललं होतं, पण ते तिचं स्वतःचं. गेमला त्याची गरजही नव्हती आणि पत्ताही नव्हता.

म्हणून गेम द्यायच्या आधी स्वतः अर्धा तास खेळा, आणि मुद्दाम चुकीची उत्तरं देत खेळा. चुकत राहूनही लेव्हल सरकत असेल तर तो गेम बाद. उत्तर पर्यायांतून निवडायचं असेल तर थोडं सावध राहा. उत्तर आकडे दाबून स्वतः घडवायचं असेल तर चांगलं, तिथे अंदाजाला जागा कमी. चुकलेला प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा समोर येतो का तेही बघा. आणि पाढे-बेरीज खेळाच्या आतच आहेत की दोन खेळांच्या मधे टोल नाक्यासारखे उभे आहेत, म्हणजे पाच गणितं सोडव आणि मग दोन मिनिटं गाडी पळव, हे पारखा. दुसऱ्या प्रकारात मुलाचं सगळं लक्ष गाडीकडे असतं.

या शेवटच्या मुद्द्यावर इंग्लंडमधल्या जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ यांचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम वाचण्यासारखं आहे. त्यांनी भागाकाराच्या एकाच गेमच्या दोन आवृत्त्या केल्या. एकीत अंगावर संख्या असलेले सांगाडे चालून येतात आणि त्या संख्येला कशाने भाग जातो हे ओळखूनच त्यांना हरवता येतं. दुसरीत लढाई वेगळी, आणि तीच गणितं लेव्हल संपल्यावर प्रश्नमंजुषेसारखी. सारख्या वेळात पहिल्या आवृत्तीची मुलं जास्त शिकली. आणि दोन्हींतलं काय खेळायचं ते मुलांवर सोडलं, तेव्हा त्यांनी पहिल्या आवृत्तीला सातपट वेळ दिला. गणित बाजूला ठेवलं की खेळ रंगतो हा आपला समज इथे उलटा पडला.

आता नावं. शाळेत किंवा घरी जुना संगणक असेल तर टक्समॅथ. हा विंडोज आणि लिनक्सवर फुकट चालतो आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रालाही झेपतो. वरून धूमकेतू खाली येतात, प्रत्येकावर एक गणित. खाली इग्लूत पेंग्विन. उत्तर टाइप करून एंटर दाबलं की धूमकेतू फुटतो, नाही तर इग्लूवर आदळतो. फक्त सहाचा पाढा, किंवा फक्त दहाच्या आतल्या वजाबाक्या, असे धडे निवडता येतात आणि वेगही कमी करता येतो. तो आधी कमी कराच. घाई झाली की ज्यांना उत्तर येतं तीही मुलं गडबडतात आणि सावकाश विचार करणारी मुलं 'मला गणित येत नाही' असं ठरवून मोकळी होतात. चित्रं जुनाट आहेत, मोबाईलवरच्या झगमगाटाला सरावलेली मुलं पहिल्या दिवशी नाक मुरडतात. दुसऱ्या दिवशी पेंग्विन वाचवण्यावरून भांडतात.

मोबाईलवर द्यायचा असेल तर जीकॉम्प्रिस. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहातले स्वयंसेवक तो सांभाळतात. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभराहून जास्त खेळ आहेत: मोजणी, घड्याळ, पैसे, वजन, नकाशे, तर्काची कोडी. जाहिरात एकही नाही आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. पण 'जीकॉम्प्रिस खेळा' असा गृहपाठ देऊ नका, मूल रंग भरत बसेल. 'जीकॉम्प्रिसमधला नोटा-नाण्यांचा खेळ, दहा मिनिटं' असं नेमकं सांगा आणि तो वर्गात सगळ्यांसमोर एकदा उघडून दाखवा.

भाषेचं अवघड आहे. 'मराठी शिका' म्हणणारी कित्येक ॲप हिंदीवरून उचललेली असतात. ळ शोधून सापडत नाही. ल आणि श हिंदी वळणाचे, म्हणजे बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि मोबाईलवर दांडीचा. पहिलीतलं मूल त्याला वेगळं अक्षरच समजतं. कैऱ्या, दऱ्या, सुऱ्या हे शब्द लिहून बघा, त्यांतला ऱ्य नीट येतो की त्याचा र्य होतो यावरून ॲप कसं बनवलंय ते कळेल. अक्षर बोटाने गिरवायचे खेळही जपून द्या, कारण वळण खालून वर नेलं तरी शाबासकी मिळते, आणि पाटीवरची पेन्सिल किंवा वहीवरचं पेन धरायचा सराव त्यात होतच नाही. वाचनासाठी मात्र गूगलचं रीड अलाँग बघण्यासारखं आहे. २०१९ मध्ये ते 'बोलो' नावाने आपल्याकडेच सुरू झालं, पुढे त्यात मराठी आलं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेल्या शब्दाला मदत करतं. लाजाळू मुलांना ते फार मानवतं, चुकलं तर हसणारं कोणी नसतं. मात्र टीव्ही चालू असेल किंवा मुलाचा सूर घरच्या बोलीचा असेल तर अशा ॲपना बरोबर वाचलेलंही चुकीचं वाटू शकतं, तेव्हा त्यातल्या गुणांवरून वाचनाची पातळी ठरवू नका.

आणखी एक गोष्ट गेममधून सुटते. आपल्या मुलांचा खरा घोळ त्रेसष्ट आणि छत्तीस यांत असतो. त्रेसष्टमध्ये आधी 'तीन' ऐकू येतं, म्हणून मूल ३६ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' म्हणायच्या पद्धतीची संख्यानामं आली आणि त्यावर विधानसभेपर्यंत वाद झाला, तो याच अडचणीपायी. इंग्रजी बोलणाऱ्या गेममध्ये 'सिक्स्टी थ्री' ऐकून ६३ दाबणं सोपं, कारण ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. तिथे शंभरपैकी शंभर मिळवणारं मूल मराठीत संख्या सांगितली की अडखळतं. याला उपाय आजी. आजीने एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर म्हणायचं आणि नातवाने लिहायचं. दहा संख्या, रोज. हाच गृहपाठ सर्वांत स्वस्त आणि तिसरीपर्यंत सर्वांत उपयोगी.

वेळेबद्दल. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं की दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला मिळून जास्तीत जास्त दोन तास. म्हणजे तुमच्या हातात सगळ्या विषयांचे मिळून दोन तास. त्यातून गेमला दर खेपेला दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीन वेळा, यापुढे जाऊ नका. पाढ्यांसारख्या गोष्टीला एका बैठकीतल्या तासापेक्षा तीन दिवसांतली दहा-दहा मिनिटं जास्त लागू पडतात. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराचा सगळा स्क्रीन दोन तासांच्या आत ठेवायला सांगितलंय. कार्टून आणि रील्समध्ये तो कोटा बहुतेक घरांत आधीच संपलेला असतो. म्हणून पालकसभेत सांगा की गेमची पंधरा मिनिटं त्या कार्टूनमधून कापायची आहेत, वर वाढवायची नाहीत. मोबाईलवाल्या बाई म्हणून नाराज असलेले पालक इथे निम्मे शांत होतात.

बाकीचे निम्मे शांत होत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. घरात फोन एक. तो बाबांबरोबर एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जातो, रात्री परत येतो तेव्हा चार्जिंग संपत आलेलं आणि दिवसाचा डेटा दुपारीच उडालेला. भावंडं तीन. अशा घरातल्या मुलाला 'काल गेम का नाही खेळलास' असं वर्गात विचारणं म्हणजे त्याच्या घरची परिस्थिती चारचौघांत काढणं. शाळेत दोन-तीन संगणक किंवा टॅब असतील तर सरळ उलटं करा: गेम शाळेत, मधल्या सुट्टीत किंवा तासाला गटागटाने, आणि घरी कागदावरचं काम. घरी गेम द्यायचाच तर तो कधीही सक्तीचा नको आणि त्याला गुण नकोत.

जाहिरातींचा त्रास तुम्हाला माहीतच असेल. फुकट गेममध्ये गणितं सोडवता सोडवता मधेच रमीची किंवा कर्जाच्या ॲपची जाहिरात येते, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की मुलाचं बोट जाहिरातीवरच पडतं. जे गेम इंटरनेटशिवाय चालतात ते एअरप्लेन मोडवर खेळायला सांगा, जाहिराती बऱ्याच गळतात आणि मधे येणारे फोनही. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय आहे, ती सेटिंगमधून चालू करून पालकांना दाखवा: पिन केलं की लॉक उघडल्याशिवाय मूल त्या गेममधून युट्यूबवर जाऊ शकत नाही. प्ले स्टोअरवर खरेदीला पासवर्ड लावून घ्या. आणि जो गेम मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा विचारतो किंवा मोजणीच्या खेळासाठी संपर्कयादी आणि लोकेशन मागतो, तो देऊच नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आपण 'हे ॲप टाका' असं ग्रुपवर लिहितो तेव्हा पालक काही न वाचता 'अलाउ' दाबतात, तेवढा त्यांचा आपल्यावर विश्वास असतो.

तपासण्याबद्दल. स्कोअरचे स्क्रीनशॉट ग्रुपवर मागवू नका. पहिल्या आठवड्यात मजा येते, दुसऱ्यात चुरस लागते, तिसऱ्यात दादा किंवा बाबा स्वतःच खेळून स्कोअर पाठवायला लागतात. ताऱ्यांवर आणि नाण्यांवर तुम्ही आणखी बक्षिसं चढवू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे आधीपेक्षा कमी वळली.

मी मागतो ते वहीचं अर्धं पान. खेळून झालं की तारीख, गेमचं नाव, आणि ज्या गणितांत अडलो त्यांतली दोन. त्यांतलं एक चित्र काढून किंवा गट पाडून सोडवायचं. तिसरीतल्या एका वहीतलं सांगतो. मुलाने लिहिलं होतं: '८ × ६ चुकलं, मी ४६ दाबलं.' खाली आठ-आठ ठिपक्यांच्या सहा ओळी काढल्या होत्या, पाचव्या ओळीपाशी रेघ मारून ४० लिहिलं होतं आणि पुढे ४० + ८ = ४८. त्या रेघेत मला जे कळलं ते कुठल्याही स्कोअरबोर्डवर दिसलं नसतं: पाचापर्यंतचा पाढा पक्का आहे आणि पुढे जायची वाट त्याला सापडली आहे. सकाळी हजेरीनंतर पाच मिनिटं अशा दोन-तीन चुका फळ्यावर घ्यायच्या, नाव न घेता. एकच चूक पाच-सहा वह्यांत दिसली तर त्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करायचा. चुका लिहून आणणं हाच गृहपाठ आहे हे मुलांना एकदा कळलं की लपवालपवी थांबते. 'एकही चूक झाली नाही' असं रोज लिहिणाऱ्या मुलाला मात्र पुढचा, जरा अवघड धडा द्या. एक तर त्याला खेळ सोपा पडतोय, नाही तर तो लिहायचा कंटाळा करतोय.

ज्या घरात फोन नाही किंवा द्यायचा नाही, तिथल्या मुलांसाठी तोच सराव बिनपडद्याचा हवा, आणि तो कमी दर्जाचा नसतो. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवर साधा सोंगटीचा खेळ खेळायला दिला, पंधरा-पंधरा मिनिटं, दोन आठवड्यांत चार वेळा. मुलांची संख्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर ती वाढली नाही. आपल्याकडे सापशिडी घरोघरी आहे, फक्त एक नियम घाला. सोंगटी चौदावर असताना पाच पडले तर 'एक, दोन, तीन' मोजत सरकायचं नाही. 'पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस' असं घरातले आकडे म्हणत सरकायचं. विसरलं तर सोंगटी होती तिथे परत. मोठ्या मुलांना सोंगटी हलवायच्या आधीच कुठे जाणार ते सांगायला लावा.

पाढ्यांसाठी पत्ते. राजा, राणी, गुलाम बाजूला, एक्का म्हणजे एक. दोघांनी एकाच वेळी एकेक पान उलटायचं, गुणाकार जो आधी बोलेल त्याची दोन्ही पानं. काही घरांत पत्ते चालत नाहीत, म्हणून मी जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून घेतो आणि एक ते दहाचे चार-चार संच मुलांकडूनच लिहून घेतो. एका पत्रिकेत आठ कार्डं बसतात, आणि लग्नसराईनंतर मागितलं तर वर्गाला पुरून उरतील एवढ्या पत्रिका मुलं दुसऱ्याच दिवशी आणतात.